खेळणारे, धावणारे, फिरणारे आणि रक्ताच्या गुठळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात: "तसा मी एकदम फिट आहे, पण..." हे पान त्या "पण"नंतरच्या प्रश्नांचं आहे. तेच तेच प्रश्न एकत्र केले आहेत, आणि जिथे उत्तर आधी येऊन गेलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर ३ आणि ४ वाचा, बाकीचं नंतर.

१. गुठळी म्हणजे नेमकं काय? आणि ती पायातच का होते?

कापलं की रक्त गोठतं, आणि ते गोठायलाच हवं. पण काही न कापता शिरेच्या आतच रक्त गोठलं तर घोटाळा होतो. पायाच्या खोल शिरेत असं झालं की डॉक्टर त्याला डीप व्हेन थ्रोम्बोसिस म्हणतात, थोडक्यात डीव्हीटी. त्या गुठळीचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकला तर ते पल्मनरी एम्बोलिझम. यातून जीव जाऊ शकतो.

पायातलं रक्त वर चढवायला हृदयाचा जोर पुरत नाही. ते काम पोटरी करते. प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू आवळतो, शीर पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पाय हलायचा थांबला की हा पंप बंद पडतो.

रक्त साचणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं ही तीन कारणं रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जातात. (१३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस, आणि जागतिक थ्रोम्बोसिस दिनही त्याच दिवशी असतो.) पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हीच तीन कारणं वेगवेगळ्या वेषात येतील.

२. मी रोज दहा किलोमीटर धावतो. मला कशाला होईल?

धावताना होणार नाही. धावणं थांबल्यावर होऊ शकते.

नियमित व्यायामाने एकूण धोका कमी होतो, हे खरं. पण खेळाडूच्या आयुष्यातले काही दिवस असे असतात की तिन्ही कारणं एकाच आठवड्यात जमतात. घोटा मोडला म्हणजे शिरेजवळ इजा झाली. प्लास्टर घातलं म्हणजे पंप बंद पडला. इजेला उत्तर म्हणून रक्तही जास्त गोठू लागलं. त्यात घरी परतायला आठ तासांचा प्रवास केला की संपलंच. आपण किती फिट आहोत याचा त्या आठवड्यात फारसा उपयोग नसतो, कारण फिटनेस पोटरीच्या हालचालीतून काम करतो आणि तीच थांबलेली असते.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०११ मध्ये फुप्फुसात गुठळ्या झाल्या, त्याआधी तिच्या पावलावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. बास्केटबॉलपटू क्रिस बॉशला २०१५ मध्ये फुप्फुसात गुठळ्या झाल्या, २०१६ मध्ये त्रास पुन्हा उद्भवला आणि कारकीर्दच संपली. ही माणसं आपल्यापेक्षा कमी फिट होती असं म्हणायची कुणाची छाती आहे?

३. पोटरी दुखतेय. स्नायू दुखावलाय की गुठळी आहे, घरच्या घरी कसं ओळखू?

खात्रीने ओळखता येत नाही. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत नावडतं उत्तरही हेच. तरी काही खुणा मदत करतात.

स्नायू दुखावला की बहुतेक वेळा तो क्षण आठवतो: त्या चढावर, त्या उडीला, मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं आणि दिवसागणिक उतरतं. गोळा आला तर तो काही मिनिटांत सुटतो, फार तर दुसऱ्या दिवशी ठणका राहतो. जोरदार व्यायामानंतरचं अंग दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं.

गुठळीचं दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. ते एकाच पायात असतं, जड, ताणल्यासारखं, आणि विश्रांती घेऊनही दिवसागणिक वाढतं. पाय सुजतो, मोज्याचा वळ खोल उमटतो, कातडी कोमट लागते, रंग लालसर किंवा जांभळट दिसतो. सावळ्या कातडीवर रंगातला फरक चटकन दिसत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. टेप घ्या आणि गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरही त्याला महत्त्व देतात. फरक नसला म्हणजे सुटलात असं मात्र नाही.

पाऊल वर ओढून पोटरी दुखते का हे पाहायची एक जुनी चाचणी आहे. ती करत बसू नका. दुखावलेला स्नायूही तसाच दुखतो, आणि गुठळी असूनही दुखणार नाही असंही होतं.

आमचा साधा नियम असा: एका पायाचं दुखणं किंवा सूज, आणि गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया, प्लास्टर, मोठं आजारपण किंवा लांबचा प्रवास यांपैकी काहीही झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तो प्रवास, ते प्लास्टर आपणहून सांगा. "धावताना दुखावलं असेल" हे वाक्य तुम्हीच आधी उच्चारलंत की समोरचाही त्याच दिशेने विचार करतो.

४. कोणती लक्षणं दिसली तर एक मिनिटही थांबायचं नाही?

अचानक दम लागणं, श्वास आत घेताना छातीत किंवा बरगडीत टोचणं, खोकल्यातून रक्त पडणं, घेरी येणं, शुद्ध हरपणं, विनाकारण छातीत धडधड. यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णवाहिका बोलवा आणि इमर्जन्सी विभागात जा. पाय दुखत नसला तरीही.

खेळाडूंच्या बाबतीत दोन फसवे प्रकार होतात. एक म्हणजे "फॉर्म गेला". रोजचा चढ अचानक जड जातो, नेहमीच्या वेगाला धाप लागते आणि माणूस सरावाला दोष देतो. दुसरा नाडीचा. तुमची बसल्या जागची नाडी एरवी ४८ असेल आणि आज ८५ असेल, तर तपासणाऱ्याला ८५ हा आकडा नॉर्मलच वाटणार. तुमची नेहमीची नाडी किती असते ते त्यांना सांगा. मनगटावरच्या घड्याळात नोंद असेल तर ती दाखवा.

५. किती तासांचा प्रवास धोक्याचा? आणि हे फक्त विमानात होतं ना?

नाही, सलग बसून केलेला कुठलाही प्रवास त्यात येतो: बस, मोटार, रेल्वे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. दुप्पट ऐकून घाबरू नका. धडधाकट माणसांमध्ये चार तासांहून मोठ्या दर ६,००० विमानप्रवासांमागे एक, इतकंच त्याचं प्रमाण होतं. पण ६,००० हा आकडा धडधाकटांचा आहे. प्लास्टर घातलेल्यांनी तो स्वतःला लावू नये.

विमानप्रवासातल्या गुठळ्यांना दिलेलं "इकॉनॉमी क्लास सिंड्रोम" हे नाव दिशाभूल करणारं आहे. महागड्या सीटवरही तुम्ही आठ तास निजून राहिलात तर पोटरी बंदच असते. १९४० मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या रात्री लोक निवाऱ्यांत डेकचेअरवर बसून झोपत. तिथल्या फुप्फुसातल्या गुठळ्यांच्या मृत्यूंकडे कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने तेव्हाच लक्ष वेधलं होतं. त्यात विमान कुठेच नव्हतं. २००३ मध्ये इराक युद्धाचं वार्तांकन करणारा अमेरिकन पत्रकार डेव्हिड ब्लूम लष्करी वाहनात दिवसेंदिवस पाय दुमडून बसून होता. पाय आखडतात, दुखतात असं तो सांगत होता. फुप्फुसात गुठळी अडकून तो गेला, वय अवघं ३९.

धोका उतरल्यावर लगेच संपत नाही. पहिले दोन आठवडे तो जास्त असतो, मग हळूहळू ओसरतो आणि आठेक आठवड्यांत पूर्ववत होतो. म्हणून "प्रवास तर तीन आठवड्यांपूर्वी झाला" हे कारण पुरेसं नाही.

६. मग प्रवासात नेमकं काय करायचं?

खिडकी सोडा, मधल्या वाटेजवळची जागा घ्या. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्यांना उठवायला संकोचतो आणि बसूनच राहतो. पायाखाली पिशवी ठेवू नका, ती जागा पाय लांब करायला लागते. जागे असाल तर दर तासाला उठा. उठता येत नसेल तर टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-तीस वेळा, पोटरी आवळल्याचं जाणवेपर्यंत करा. नुसतं पाऊल गोल फिरवून काम भागत नाही.

पायावर पाय टाकून झोपू नका, आणि झोपेची गोळी घेऊ नका. माझ्या मते ही गोळी या यादीतली सगळ्यांत वाईट गोष्ट: सहा तास हालचाल नाही, तीही अवघडलेल्या स्थितीत. मोटारीने जात असाल तर दोन तासांनी थांबून पाच मिनिटं चाला, गाडी दुसरं कुणी चालवत असलं तरी.

फार उंच आणि फार बुटक्या माणसांना विमानात थोडा जास्त धोका दिसला आहे, साधारण १९० सेंटीमीटरच्या वर आणि १६०च्या खाली. उंचांचे गुडघे दुमडलेले राहतात. बुटक्यांचे पाय जमिनीला पुरत नाहीत आणि सीटची कड मांडीखाली दाबते. बुटक्यांनी पायाखाली काहीतरी टेकू घ्यावा. पिशवीचा नियम तेवढा त्यांना लागू नाही.

७. धावताना घालतो ते पोटरीचे घट्ट स्लीव्ह प्रवासात चालतील का?

चालणार नाहीत. प्रवासाचे दाबमोजे गुडघ्यापर्यंतचे, पाऊल झाकणारे असतात आणि त्यांचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त, वर कमी होत जाणारा असतो. तो साधारण १५ ते ३० मिलिमीटर पारा इतका लागतो. स्लीव्हमध्ये पाऊल उघडं राहतं आणि सूज खाली उतरून तिथे साचते.

मोजे मापाचे हवेत. गुडघ्यामागे गुंडाळी झाली तर ती दोरी बांधल्यासारखी काचते. सर्वांनी घालावेत असंही नाही. आधी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर बायका यांना त्यांचा खरा उपयोग. पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या) अरुंद झाल्या असतील किंवा मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

८. निघताना एक ॲस्पिरिन घेतली तर?

फक्त प्रवासासाठी म्हणून घेऊ नका. ॲस्पिरिन प्रामुख्याने रोहिण्यांमधल्या गुठळ्यांवर काम करते. शिरांमधल्या प्रवासी गुठळ्यांसाठी तिचा भरवसा नाही, आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र खरा आहे. सांधा बदलल्यावर काही जणांना डॉक्टर ती देतात, ती गोष्ट वेगळी.

९. भरपूर पाणी प्यायलं की गुठळी होत नाही, खरं का?

पाण्याने गुठळी टळते याचा पक्का पुरावा नाही. तरी प्या. निदान लघवीला उठावं लागेल.

१०. पायाला प्लास्टर आहे किंवा गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आहे. गुठळी टाळायची इंजेक्शनं मागून घ्यावीत का?

सरसकट नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक गुडघ्याखालच्या प्लास्टरची, दुसरी गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेची. सर्वांना हेपारिनची इंजेक्शनं देऊन फायदा दिसला नाही. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्याला मिळाली आणि तुम्हाला नाही, यात कुणाची हयगय असेलच असं नाही.

पण आधी गुठळी झालेली असणं, कर्करोग, इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या (बऱ्याच गर्भनिरोधक गोळ्यांत ते असतं), खूप वजन, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा अकिलीसचा स्नायुबंध तुटणं, पायावर अजिबात भार द्यायचा नाही अशी सूचना, यांतलं काही असेल तर हिशोब बदलतो. ही यादी डॉक्टरांसमोर स्वतः मांडा. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलला असेल तर गुठळीविरोधी औषध बहुधा दिलं जातंच, आणि ते सांगितलेले सर्व दिवस घ्यायचं. "आता चालतोय की" म्हणून मध्येच सोडू नका.

प्लास्टरमध्येही पायाची बोटं हलवता येतात, मांडी आवळता येते. ते दिवसभर करत राहा. प्लास्टर अचानक घट्ट वाटू लागलं तर "सवय होईल" म्हणू नका. आत पाय सुजतोय, आणि त्यामागे गुठळी असू शकते.

११. शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी विमानात बसू?

दोन वेगळे प्रश्न इथे एकत्र येतात. पहिला प्लास्टरचा. ताज्या बंद प्लास्टरमध्ये उडताना पाय सुजला तर रक्तपुरवठाच अडू शकतो, म्हणून छोट्या प्रवासाला २४ आणि लांबच्या प्रवासाला ४८ तास थांबायचा नियम बऱ्याच विमान कंपन्या लावतात. त्याआधी जाणं भाग असेल तर प्लास्टर उभं चिरून देतात.

दुसरा गुठळीचा, आणि त्याला ४८ तासांचं उत्तर लागू नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर धोका सुमारे १२ आठवडे वाढलेला राहतो, पहिले काही आठवडे सर्वांत जास्त. विमान कंपनीने बसू दिलं म्हणजे धोका संपला असा अर्थ काढू नका. टाळता येण्यासारखा लांबचा प्रवास पहिले चार ते सहा आठवडे टाळा. टाळता येत नसेल तर तेवढ्या प्रवासापुरतं औषध हवं का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

१२. शर्यत सकाळी संपते आणि आम्ही त्याच संध्याकाळी परत निघतो. हे चुकतंय का?

एक रात्र थांबता आलं तर थांबा. लांब शर्यतीनंतर स्नायूंना सूक्ष्म इजा झालेल्या असतात, रक्ताची गोठण्याची यंत्रणा जागी झालेली असते, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि पाय इतके आखडलेले असतात की उठायची इच्छाच होत नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. पण याच प्रवासात पोटरी दुखली तर तिचं खापर शर्यतीवर फोडणं सर्वांत सोपं, म्हणून घरी पोहोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्ही पायांतला ठणका उतरून एकाच पायात उरला आहे का, ते पाहा. उरला असेल तर प्रश्न ३.

१३. गर्भनिरोधक गोळ्या घेते. ट्रेकसाठी लांबचा प्रवास आहे, गोळ्या थांबवू का?

प्रवासापुरत्या थांबवू नका. दोनचार दिवस थांबवून धोका लगेच उतरत नाही, आणि पुन्हा सुरू करताना पहिले काही महिनेच सर्वांत जास्त धोक्याचे असतात.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी वर्षभरात दर १०,००० बायकांमागे ३ ते ९ जणींना गुठळी होते, गोळ्या न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांमध्ये १ ते ५. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत ४० ते ६५ या दराने चढतो. म्हणजे गोळीपेक्षा बाळंतपण कितीतरी जोखमीचं, हे फारसं कुणी सांगत नाही. तुम्हाला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला गुठळी झाली असेल, किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर इस्ट्रोजेनविना पर्याय आहेत. तो बदल आधीच करायचा, विमानतळावर नव्हे.

१४. पाय ठीक आहे, पण दंड सुजलाय आणि जड वाटतोय. हाताला गुठळी होते का?

होते, आणि तिचा एक प्रकार तरुण खेळाडूंमध्येच जास्त दिसतो. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यातून हाताची मोठी शीर जाते. पोहणारे, वजन उचलणारे, वल्हवणारे, चेंडू फेकणारे यांचा हात वारंवार डोक्यावर जातो आणि शीर तिथे चेमटत राहते. याला पॅजेट-श्रॉटर सिंड्रोम म्हणतात. सरावानंतर एकच हात सुजला, निळसर झाला, खांद्यावर आणि छातीवर नव्या शिरा उठून दिसू लागल्या, तर "खांदा भरून आलाय" म्हणत बसू नका. काही दिवसांत उपचार सुरू झाले तर शीर मोकळी करायचे पर्याय जास्त असतात, आणि काहींना पुढे बरगडी काढावी लागते. बास्केटबॉलपटू व्हिक्टर वेंबान्यामाच्या उजव्या खांद्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये गुठळी सापडली. उरलेला मोसम बुडाला, पण पुढच्या मोसमात तो परत खेळायला उतरला.

१५. डी-डायमर वाढलेलं आलं, म्हणजे गुठळी आहेच ना? आणि पायाची सोनोग्राफी नॉर्मल आली तर सुटलो ना?

दोन्हीचं उत्तर नाही.

डी-डायमर म्हणजे रक्ततपासणीत मोजले जाणारे, विरघळणाऱ्या गुठळीचे अवशेष. धोका कमी असलेल्या माणसात ते नॉर्मल आलं तर गुठळी नाही असं म्हणता येतं. वाढलेलं आलं तर त्यावरून फारसं काही ठरत नाही: शस्त्रक्रिया, इजा, संसर्ग, गरोदरपण, अगदी मॅरेथॉनसुद्धा ते वाढवते. शर्यतीनंतर उगाच हौसेने करून घेऊ नका.

पायाची सोनोग्राफी फुप्फुसाबद्दल काही सांगत नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर सेरेना विल्यम्सला धाप लागली. आधीचा अनुभव गाठीशी असल्याने तिने सीटी स्कॅनचा आग्रह धरला. आधी पायांची सोनोग्राफी झाली, काही दिसलं नाही. मग सीटी झालं आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. पोटरीतली छोटी गुठळीही पहिल्या तपासणीत निसटू शकते, म्हणून शंका उरली तर आठवड्याने सोनोग्राफी पुन्हा करतात.

१६. गुठळी निघाली. आता पडून राहायचं का? चाललो तर ती सुटेल ना?

ही भीती जुनी आहे आणि पूर्वी डॉक्टरही झोपवून ठेवत. आता औषध सुरू झालं आणि तब्येत स्थिर असली की चालायलाच सांगतात. चालण्याने फुप्फुसातल्या गुठळ्या वाढल्याचं दिसलेलं नाही, उलट सूज आणि दुखणं लवकर उतरतं.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या" रक्त पातळ करत नाहीत आणि गुठळी विरघळवतही नाहीत. त्या नवीन गोठणं थांबवतात. जुनी गुठळी शरीर आपलं आपण हळूहळू साफ करतं. म्हणून उपचार निदान तीन महिन्यांचा, आणि आठवड्याने बरं वाटलं तरी सोडायचा नाही.

व्यायाम आधी चालणं, मग पोहणं किंवा स्थिर सायकल, मग हलकं धावणं अशा पायऱ्यांनी. वेळापत्रक गुठळी कुठे आणि किती मोठी यावर ठरतं. पाय संध्याकाळी सुजत असेल तर एक पायरी खाली या. धाप लागली तर प्रश्न ४. काहींचा पाय वर्षानुवर्षं जड राहतो, कारण शिरेच्या झडपा कायमच्या बिघडतात. तो आळशीपणा नव्हे.

पोटरीला मालिश आणि फोम रोलर? निदान झालेली किंवा नुसती संशयित गुठळी असताना अजिबात नाही.

१७. "रक्त पातळ करायच्या" गोळ्या चालू आहेत. सायकल, कुस्ती, गिर्यारोहण यांतलं काय चालेल?

मुद्दा खाली पडण्याचा आणि आपटण्याचा आहे. कुस्ती, रग्बी, मुष्टियुद्ध बंद. फुटबॉल, डोंगरातली सायकल, दगडी भिंतीवर चढणं याला बहुतेक डॉक्टर नाहीच म्हणतील. रस्त्यावरच्या सायकलबद्दल मतभेद आहेत. डोक्याला मार लागला तर काही वाटत नसलं तरी रुग्णालयात जायचं, कारण आतला रक्तस्राव उशिरा कळतो. दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, गोळ्यांसोबत त्या रक्तस्राव वाढवतात.

"सामन्याच्या दिवशी एक डोस चुकवला तर?" असं बरेच जण हळूच विचारतात. गोठणं थांबवणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, म्हणजे तुम्ही सामना विनासंरक्षण खेळाल आणि परतीचा प्रवासही तसाच कराल. हा निर्णय ड्रेसिंग रूममध्ये घ्यायचा नाही.

१८. आईला गुठळी झाली होती. मी जनुकीय तपासणी करून घेऊ का?

आधी विचारा, आईला कशामुळे झाली. खुबा मोडल्यानंतर सत्तराव्या वर्षी झाली असेल तर तुमच्यासाठी तिचा अर्थ थोडाच. चाळिशीच्या आत, काही कारण नसताना झाली असेल तर डॉक्टरांशी बोला.

रक्त जास्त गोठवणारा सर्वांत ओळखीचा जनुकीय दोष म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन. नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या नावावरून तो ओळखला जातो, १९९४ मध्ये सापडला. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत तो असतो, आशियाई वंशात फार कमी. तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी गुठळी होत नाही, आणि नसलेल्यांना होते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी "आईला गुठळी झाली होती" हे वाक्य प्रत्येक शस्त्रक्रियेआधी आणि इस्ट्रोजेनची गोळी सुरू करण्याआधी सांगायचंच.

१९. मला एकदा होऊन गेली, गोळ्या बंद झाल्या. आता लांबच्या प्रवासाला औषध लागेल का?

इथे एकच उत्तर सर्वांना नाही. प्लास्टरसारख्या तात्पुरत्या कारणाने झाली असेल तर पुन्हा होण्याची शक्यता कमी, आणि मोजे व हालचाल (प्रश्न ६ आणि ७) बहुधा पुरतात. काही कारण नसताना झाली असेल तर मुळात गोळ्या बंदच करायच्या का, हा विचार आधी होतो, आणि बंद असतील तर प्रवासापुरता एखादा डोस द्यायचा का, हे डॉक्टर ठरवतात. तिकीट काढण्याआधी विचारा. गोळ्या चालूच असतील तर वेगळं काही घ्यायचं नाही, पण घड्याळ बदलणाऱ्या लांब प्रवासात डोसांमधलं अंतर मोजत राहा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. सामानासोबत गेलेली पिशवी दोन दिवसांनी येते, आणि तेवढ्यात चार डोस चुकतात.